सोलापूर : सॅटर्न ५ रॉकेटच्या १:१०० मॉडेलची दुरुस्ती, सुटे भाग कुठे मिळतील?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलनीच्या वाचनालयात सॅटर्न ५ चं, म्हणजे माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या अपोलोच्या रॉकेटचं, १:१०० मापाचं मॉडेल आहे. एका सभासदांनी अमेरिकेहून येताना किट आणलं होतं आणि कॉलनीतल्या मुलांनी ते जोडलं. किट उडणाऱ्या प्रकारचं आहे, म्हणजे आत मोटर बसवायची नळी, पॅराशूट, सगळं आहे. उडवलेलं मात्र कधीच नाही. रंगकामाच्या वेळी कपाट सरकवताना ते वरून खाली आलं.

नुकसान असं : सगळ्यात वरचा एस्केप टॉवर (संकटात यानाला रॉकेटपासून ओढून नेणारा जाळीचा मनोरा) मोडला आणि त्याचा एक पाय सापडत नाही. खालच्या चार फिनांपैकी (शेपटीच्या पंखांपैकी) एक गहाळ आहे, एक तडकली आहे. पहिल्या टप्प्याच्या जाड नळीला बुडापासून वीतभर वर खोल पोचा आलाय. नळीभोवतीची पन्हळी प्लास्टिकची पट्टी फाटली. आतलं पॅराशूटचं रबर नुसतं ओढलं तरी तुटतंय.

परदेशातून भाग मागवायचे तर पाठवणावळ भागांपेक्षा जास्त पडतेय, आणि नेमके हेच भाग सुटे मिळतीलच असं नाही. सोलापुरात काय मिळेल, काय करून घेता येईल? १६ जुलैला, अपोलो ११ च्या उड्डाणाच्या दिवशी, मॉडेल पुन्हा उभं करावं अशी मुलांची फार इच्छा आहे.

बीटीपन्नास

मूळचा सोलापूरचाच, सध्या पुण्यात. या छंदात बरीच वर्षं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक ठरवा : मॉडेल उभं ठेवायचंय की कधीतरी उडवायचंय? दोन्हींसाठी लागणारे भाग वेगळे. उभ्या मॉडेलला आकार बरोबर असला की झालं. उडणाऱ्या मॉडेलला आकाराइतकंच वजन महत्त्वाचं, आणि त्यातही ते वजन कुठे आहे हे.

दुसरं, "ओरिजिनल पार्ट" शोधू नका, माप शोधा. या किटांच्या नळ्यांना बीटी-५०, बीटी-६०, बीटी-८० असे क्रमांक असतात. बीटी म्हणजे बॉडी ट्यूब. पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटर नव्हे, ती नुसती खूण आहे. बीटी-५० चा बाहेरचा व्यास २४.८ मिमी, बीटी-६० चा ४१.६, बीटी-८० चा ६६. पहिल्या टप्प्याची जाड नळी असते ती बीटी-१०१, बाहेरून १०० मिमी आणि आतून साधारण ९९.

आता हे खऱ्या रॉकेटशी ताडून बघा. सॅटर्न ५ ची उंची ११०.६ मीटर, तुमचं मॉडेल सुमारे ११० सेंटिमीटर. पहिले दोन टप्पे १०.०६ मीटर व्यासाचे, तुमची नळी १०० मिमी. तिसरा टप्पा ६.६ मीटर, तिथे बीटी-८० चे ६६ मिमी चपखल. म्हणजे एखादा भाग पूर्ण हरवला तरी खऱ्या रॉकेटच्या मापाला १०० ने भागलं की तुमच्या भागाचं माप हातात येतं. मुलांना हा हिशोब जरूर करायला लावा, त्यांना तो मनापासून आवडतो.

पोचा आलेल्या नळीबद्दल : नवी नळी लागतच नाही. आधी जाड कागदाची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळा आणि तिच्या कडेने कटर चालवा, म्हणजे काप सरळ येतो. पोचा आलेला तेवढाच पट्टा असा कापून काढा. मग कार्डशीटची गुंडाळी करून नळीच्या आत सोडा. ती आपोआप उलगडून आतल्या भिंतीला टेकते. कड जिथे कडेवर चढते तिथे खूण करा, बाहेर काढून खुणेवर कापा. ही झाली तुमची जोडनळी, नळीनेच स्वतःचं माप दिलेली. ती वर आणि खाली निदान पाच-पाच सेंटिमीटर आत जायला हवी. कापलेल्या जागी बाहेरून तेवढ्याच रुंदीचं कार्ड मूळ भिंतीच्या जाडीला येईपर्यंत गुंडाळा. भिंत जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे, लग्नपत्रिकेच्या चांगल्या कार्डाचे दोन वेढे पुरतील.

जोडनळी फेविकॉलने बसवू नका, हे ठळक अक्षरात समजा. पाण्याचा अंश असलेला डिंक लागला की कागद फुगतो, आणि घट्ट बसणारी नळी अर्ध्या वाटेतच अशी धरते की पुढेही जात नाही न् मागेही येत नाही. तिथे अरल्डाइटसारखा दोन ट्यूबांचा इपॉक्सी वापरा, तोही हळू सुकणारा. कागदावर कागदाचे वेढे द्यायला मात्र फेविकॉलच उत्तम.

तारवाला_सात_रस्ता

टॉवरचं काय अवघड नाय बगा. आमचं मोटर वाइंडिंगचं काम हाय, यंत्रमागाच्या मोटारी येतात रोज. वाइंडिंगची तांब्याची तार कुठल्याबी गेजात मिळते. टॉवरच्या पायांला २१ नंबरची घ्या, ०.८ मिमी येते. आडव्या-तिरक्या जाळीला २४ नंबर, ती ०.५६ मिमी. तारेवर इनॅमलचा थर असतोय, तो पॉलिश पेपरनं खरवडल्याशिवाय झाळ धरणार नाय. आधी तार ताणून सरळ करा : एक टोक व्हाइसमध्ये धरायचं, दुसरं पक्कडीत धरून एक हिसका द्यायचा. एकदम सुतात येते.

झाळायच्या वेळी एक सांधा करताना शेजारचा सुटतोय. त्याला उपाय म्हणजे शेजारच्या सांध्यावर ओल्या कापडाची चिंधी ठेवायची. टॉवर केवढा हाय?

बीटीपन्नास

@तारवाला, फार उपयोगी माहिती. खऱ्या टॉवरची जाळी सुमारे ३ मीटर उंच, म्हणजे इथे ३ सेंटिमीटर. चार पाय, खाली रुंद, वर निमुळते. त्यावर एस्केप मोटरची बारीक नळी. सगळं मिळून १० सेंटिमीटरच्या आसपास.

@होटगीरोडकर, पाय प्लास्टिकचे असतील तर एकच पाय बदलायच्या फंदात पडू नका, सगळी जाळी नवी करा. एक पाय तांब्याचा आणि तीन प्लास्टिकचे असले तर रंगाखालूनही फरक दिसतो, आणि पुढच्या धक्क्याला उरलेले तीन मोडतातच. तसाही या मॉडेलचा हा सगळ्यात नाजूक भाग, पडलं की पहिला जातो.

पेठेतला_मी

टॉवर नाहीच लावला तर? उड्डाणात तो टाकूनच देतात ना?

दक्षिणकसबा

टाकून देतात हे खरं, पण दुसरा टप्पा पेटल्यानंतर. तोवर पहिला टप्पा गळून गेलेला असतो. पहिल्या टप्प्यासकट उभं असलेलं अपोलोचं यान टॉवरशिवाय दाखवलं तर ते चूकच ठरेल. टॉवर नसलेलं सॅटर्न ५ उडालं ते १४ मे १९७३ ला, स्कायलॅब हे अंतराळस्थानक घेऊन. पण त्याचा वरचा आकारच वेगळा होता, त्यावर अपोलोचं यान नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गातल्या मुलांसोबत इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचं १:५० मॉडेल केलंय, त्या अनुभवातून एक सांगतो. भाग करण्याआधी तुमचं मॉडेल नेमक्या कुठल्या उड्डाणाचं आहे ते ठरवा. आमच्या मॉडेलची एक स्ट्रॅप-ऑन मोटर (पहिल्या टप्प्याच्या बाजूला बांधलेली जादा मोटर) हरवली तेव्हा नवी किती लांब करायची, यावर वर्गात वाद झाला. पीएसएलव्ही एकच नाही : स्ट्रॅप-ऑन नसलेला प्रकार आहे, सहा साध्या स्ट्रॅप-ऑनचा आहे, आणि जास्त लांब स्ट्रॅप-ऑनचा एक्सएल आहे. एक्सएल पहिल्यांदा उडालं २२ ऑक्टोबर २००८ ला, चांद्रयान-१ घेऊन. साध्या स्ट्रॅप-ऑनमध्ये ९ टन इंधन, एक्सएलच्यात १२ टन. आमचं मॉडेल मंगळयानाचं, म्हणजे ५ नोव्हेंबर २०१३ चं, तेही एक्सएल. त्यामुळे लांब मोटर, १२ मीटर भागिले ५०, २४ सेंटिमीटर. व्यास १ मीटर म्हणजे २० मिमी. आणि वायरिंगचा २० मिमीचा पीव्हीसी पाइप बाहेरून बरोबर तेवढाच असतो! इलेक्ट्रिकच्या दुकानातून दहा मिनिटांत भाग हजर. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता.

त्याच मॉडेलवर पहिल्या टप्प्याला चिकटलेल्या दोन बारीक टाक्या आहेत. पुष्कळ मॉडेलांत त्या नसतातच, किंवा लोक त्यांना बूस्टर समजतात. त्यात द्रव असतो. तो नॉझलमध्ये एका बाजूने फवारला की ज्वाळेची दिशा किंचित बदलते आणि रॉकेट वळवता येतं. दुरुस्ती करताना अशा बारीक गोष्टी आधी मोजून ठेवाव्यात, नंतर "हे काय उरलं?" म्हणून डब्यात जातात.

सॅटर्नच्या रंगाबद्दलही तेच. १९६६ मध्ये उड्डाणतळावरच्या तालमीसाठी ५००-एफ नावाचं यान उभं केलं होतं. त्याच्या पहिल्या टप्प्याच्या दोन टाक्यांमधल्या भागाला काळा रंग होता. फ्लोरिडाच्या उन्हात तो भाग फार तापू लागला, म्हणून प्रत्यक्ष उडालेल्या यानांवर तो पांढरा ठेवला. बरीच जुनी मॉडेलं त्या तालमीच्या यानावरून रंगवलेली असतात. तुम्हाला नळी रंगवावीच लागणार आहे, तर अपोलो ११ चे फोटो समोर ठेवूनच रंगवा. काळ्या रंगाने काय होतं हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

थ्रीडीवाला

एवढा खटाटोप कशाला? फिन, टॉवर, पन्हळी पट्टी, सगळं थ्रीडी प्रिंट होतं. हल्ली कॉलेजांतही प्रिंटर असतात. फाइल करून द्या, पीएलए प्लास्टिकमध्ये छापून घ्या.

बीटीपन्नास

फिनेसाठी जरूर. टॉवरसाठी नाही : ०.८ मिमीचा उभा पाय पीएलएत छापला तर बोटाच्या धक्क्याने मोडतो. शिवाय पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडतं. वाचनालयाच्या सावलीत चालेल, पण मे महिन्यात मॉडेल गाडीत ठेवून कुठल्या शाळेत दाखवायला नेलंत तर बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात सहज तेवढा तापतो. फिन वाकून परत येईल. छापायचंच तर पीईटीजी नावाच्या प्लास्टिकमध्ये छापा, ते सुमारे ८० अंशांपर्यंत तग धरतं.

माझ्या मते उभ्या मॉडेलसाठी साचा जास्त चांगला. दोन फिना शाबूत आहेत ना? त्यातली एक घेऊन सिलिकॉन रबरचा साचा करा आणि त्यात रेझिन ओता. रेझिन आर्टचं सामान विकणाऱ्या दुकानांत दोन्ही वस्तू मिळतात. मूळ फिनेचा पोत, कडा, सगळं जसंच्या तसं उतरतं. तडकलेली फिनही बदलून टाका, दोन नव्या समोरासमोर लावा.

पूर्वभाग

मी एरवी फक्त वाचते, पण पन्हळी पट्टीचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या घरी तीन पिढ्या मागाचं काम. त्या पट्टीवरच्या उभ्या रेघा किती अंतरावर आहेत, अण्णा? मोजून सांगाल का?

होटगीरोडकर

@पूर्वभाग ताई, मुलांनी मोजलं. इंचाला साधारण वीस रेघा भरतात.

पूर्वभाग

मग फणी वापरा! मागाची जुनी स्टीलची फणी, ताण्याचे उभे धागे सारख्या अंतरावर धरते ती. फणीचा नंबर दोन इंचांतल्या घरांवरून (दातांमधल्या फटींवरून) असतो, तेव्हा ४० नंबरच्या फणीला इंचाला वीस घरं येतात, म्हणजे दोन रेघांत १.२७ मिमी. तुमच्या पट्टीला तीच लागेल. फणीच्या घरांतून सुताचे धागे ओढून घ्यायचे, जसे ताण्याचे ओढतो तसेच. धागे ताणून धरायचे आणि खाली फेविकॉलचा पातळ हात दिलेलं कार्ड लावून दाबायचं. सुकलं की दोन्ही टोकं कापायची. रेघा अशा समांतर येतात की हाताने पट्टी धरून तशा मारताच येणार नाहीत.

सूत पिळाचं आणि गुळगुळीत घ्या. लव असलेलं नको, रंगाखाली लव उभी राहते. आधी खळ द्या, म्हणजे लव बसते. १०० मिमीच्या नळीचा वेढा ३१४ मिमी होतो, तर पट्टी ३२ सेंटिमीटर करा आणि जास्तीची छाटा.

अशोक चौक, दत्तनगर भागात बंद पडलेल्या कारखान्यांच्या फण्या अजून लोकांकडे पडून आहेत. मोडीत जातात बिचाऱ्या. एखादी अशी वापरली गेली तर मला फार बरं वाटेल.

बीटीपन्नास

ताई, वाचून उभाच राहिलो! परदेशातले लोक या पट्टीसाठी खास साचे करतात. ही युक्ती मी कुठेच वाचलेली नाही. सुताची पट्टी रंगवण्याआधी सँडिंग सीलरचा एक हात द्या, सूत पाणी पिणार नाही.

पेठेतला_मी

एवढं सगळं करताय तर होम मैदानावर उडवूनच टाका की! फटाक्याची दारू भरली की झालं.

बीटीपन्नास

नाही. हे कृपया कोणीही करू नका, मुलांनी तर मुळीच नाही.

या मॉडेलांच्या मोटरी कारखान्यात ठरावीक दाबाने भरलेल्या असतात. त्यांच्यावर सी६-५ किंवा डी१२-३ असं लिहिलेलं असतं. पहिलं अक्षर एकूण आवेगाचं : सी म्हणजे १० न्यूटन-सेकंदांपर्यंत, डी म्हणजे २० पर्यंत, दर अक्षराला दुप्पट. मधला आकडा सरासरी जोर न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा जळण संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलायचं त्याचा. हातानं ठासलेल्या दारूचं यातलं काहीच ठरलेलं नसतं. कुठे फट राहिली की ती मोटर राहत नाही, तिचा बॉम्ब होतो. या छंदाचा सगळा पायाच मुळी घरी दारू भरताना मुलांची बोटं तुटू नयेत म्हणून १९५० च्या दशकात घातला गेला. आणि आपल्याकडे हे सगळं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली आणि २००८ च्या नियमांखाली येतं, परवाने देणारी संस्था नागपूरला आहे. मोटर विमानाच्या सामानातून आणणंही निषिद्ध आहे.

मुलांना काहीतरी उडवायचंच असेल तर पाण्याचं रॉकेट करा, कोल्ड्रिंकची बाटली आणि सायकलचा पंप. तेही मोकळ्या मैदानात, मोठ्या माणसांसमोर, आणि ताजी बाटली घेऊन.

दक्षिणकसबा

पूर्ण सहमत. आम्ही शाळेत पाण्याचंच करतो. फिन सैल असली तर रॉकेट कसं गोते खातं, हे मुलांना त्यात डोळ्यांनी दिसतं.

होटगीरोडकर

ठरलं. वाचनालयात उभंच ठेवायचं. पण मुलांचा एक प्रश्न आहे, मला त्याचं उत्तर देता आलं नाही. मुलं विचारतात : उडवायचं नसेल तर आतलं रबर आणि पॅराशूट कशाला दुरुस्त करायचं? कोणाला दिसणार आहे?

बीटीपन्नास

दुरुस्त करा. मॉडेल उडण्यासाठी बनलंय, तर ते उडण्याजोगंच राहू द्या. उद्या यातलंच एखादं मूल जिथे हे रीतसर उडवता येतं अशा ठिकाणी शिकायला जाईल, किंवा आपल्याकडेच सोय होईल. तेव्हा आतून पोकळ निघालेलं मॉडेल त्याच्या हातात देऊ नये.

रबर म्हणजे साधं चपटं इलास्टिक. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे इतके कारखाने आहेत, सहा मिलिमीटरचं इलास्टिक मीटरवर मिळेल. खालचा, मोटरजवळचा हातभर भाग मात्र केव्हलारच्या (उष्णता सोसणाऱ्या) दोऱ्याचा ठेवा, कारण पॅराशूट ढकलणारा वायू गरम असतो आणि इलास्टिक तिथेच जळतं. पॅराशूटच्या घड्या मोडून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा, वर्षानुवर्षं घडी राहिली की प्लास्टिक एकमेकांना चिकटतं.

आणि म्हणूनच रेझिनच्या फिनांबद्दल एक भर घालतो. रेझिन जड. शेपटीकडे वजन वाढलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो. उडणाऱ्या रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याच्या निदान एक व्यास पुढे, म्हणजे नाकाकडे, असावा लागतो. तुमच्या मॉडेलला १० सेंटिमीटर. आत्ता, काहीही चिकटवण्याआधी, प्रत्येक मोडका भाग सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोला आणि लिहून ठेवा. नवा भाग त्याच्याइतकाच किंवा हलका हवा. रेझिनची फिन जड निघाली तर साच्यात भरीव ओतू नका. पातळ थर देऊन पोकळ करा आणि आत बाल्साचा तुकडा बसवा. बाल्सा पुण्या-मुंबईच्या एरोमॉडेलिंगच्या दुकानांतून कुरिअरने येतो, हवा तर मी पाठवतो. तंतूंची दिशा फिनेच्या पुढच्या कडेला समांतर ठेवायची, आडवी ठेवली तर फिन तंतूच्या रेषेत मोडते.

होटगीरोडकर

हे उत्तर मुलांना वाचून दाखवलं आणि काम वाटून टाकलं. @तारवाला दादांनी स्वतः येऊन मुलींना झाळकाम शिकवलं. जाळी उभी राहिलीय, चारही पाय सारखे. नळीचा पट्टा कापून जोडनळी बसवली, आत-बाहेर सगळं सरळ आहे, पण बाहेरच्या कार्डाच्या शिवणीची बारीक रेघ हाताला लागते. वजनांचा तक्ता भिंतीवर लावलाय. फिनेचा साचा रविवारी ओतणार.

शिवण कशी बुजवावी? आणि @पूर्वभाग ताई, ४० नंबरची फणी अजून मिळालेली नाही, एका ओळखीच्यांकडे होती ती ५२ ची निघाली.

बीटीपन्नास

शिवणीवर लाकडाचं पातळ फिलर भरा, सुकलं की ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ठोकळ्यावर धरून घासा. नुसत्या बोटाने घासलं तर खळगा पडतो. कागदाला लव सुटली तर तिथे फेविक्विकचा एक थेंब पसरवा आणि मग घासा. हे खिडकी उघडून करा, वाफ डोळ्यांना झोंबते. वरून प्राइमर, आणि शिवण मॉडेलच्या मागच्या बाजूला येईल असं बघा.

पूर्वभाग

५२ ची नको, रेघा दाट होतील. माझ्या मामांकडे ४० ची आहे, एका टोकाची चार घरं वाकलीत पण मधली साफ आहे. तुमच्या पट्टीला रुंदी पुरेल. शनिवारी संध्याकाळी मी घेऊन येते, सोबत खळ दिलेलं सूतही आणते. धागे ओढायला दोन बारीक बोटांची मुलं बसवा, मी शिकवीन त्यांना.

तारवाला_सात_रस्ता

शनिवारी मी बी येतो. टॉवरला प्राइमर मारायच्या आधी झाळीवरचा मेण (झाळायची पेस्ट) धुवावा लागतोय, नायतर रंग सुटतोय. थिनर घेऊन येतो.